लाल डोक्याच्या खुंट्या

बुधवार, रथसप्तमीचा दुसरा दिवस

आधी उतरली ती पोरगी, मग तो उंच माणूस, आणि त्यांच्या मागोमाग, कुणी बोलावलं नसताना, आमची जुनी शेजारीण नीराबाई. बागपाड्यात गाडी वळली की नीराबाईला घरबसल्या कळतं. तिच्या मुलाने रस्त्यापलीकडे स्लॅबचं घर बांधलं तेव्हापासून ती तिकडे राहते, पण कान इथेच ठेवून गेलीय. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणते, "जमीनवाले हायेत गो सोनू. चहा पाजू नको. चहा प्यायले की सही मागतात."

मी म्हटलं, "जमीनवाले ओटीवर चढताना चपला काढतात काय?" ह्या पोरीने काढल्या, आणि एक उलटी पडली होती ती वाकून सरळ केली. मी चहा टाकला.

पोरीचं नाव प्राची. माणगावकडची, घरी भातशेती. उंच माणूस म्हणजे केतन सर, ते इंजिनियर, ती त्यांच्या हाताखाली. सरकारला आमच्या किनाऱ्याला बंधारा बांधायचाय, पण कुठल्या जातीचा बंधारा ते हे दोघं सांगणार. बंधाऱ्यात जाती असतात हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं दगड टाकले की झाला बंधारा.

प्राची ओटीवर बसली आणि म्हणाली, "आजी, काय मस्त व्ह्यू आहे तुमच्या घराला!" मी म्हटलं, "व्ह्यू हल्लीच आलाय गो बाय. आधी पुढे केवड्याचं बन होतं, त्याच्यापुढे आमचा गोठा, त्याच्यापुढे माडांची ओळ. समुद्र नुसता ऐकू यायचा. आता तांदूळ निवडताना दिसतो." तिने हातातला पेला खाली ठेवला. मी काही वाईट बोलले नव्हते.

ही वही राहीने दिली, माझ्या नातीने. म्हणाली, रोज लिही आजी, अक्षर सुधारेल. चौथीपर्यंत गेलेल्या बाईचं अक्षर सुधारून आता कुठे जाणार? पण दर रविवारी फोनसमोर पान धरावं लागतं. ती बघते आणि म्हणते, आजी, एक अक्षर लागत नाही. मग काय, मनात येईल ते लिहायला मोकळीक आहे.

जाताना प्राची म्हणाली, पुनवेला परत येतो. बशीतली चकली तिने तशीच ठेवली होती, ती मी डब्यात टाकली नाही. तिथेच असू दे.


बुधवार, माघी पुनव

आले! सांगितल्या दिवशी आले. आमचा रितेश सांगितल्या दिवशी आलाय असं मला आठवत नाही, आणि तो पोटचा.

आज त्यांनी खुंट्या ठोकल्या. लोखंडी, वर लाल रंगाचं डोकं. देवळाकडून सुरू करून कुलदीपच्या होमस्टेवरून थेट माझ्या घरापर्यंत, आणि माझ्या घरापुढे शेवटच्या. माझ्यापुढे कुणाचं घर नाही, पुढे खाडीचं तोंड. प्राचीने किनाऱ्याच्या कडेपासून मागे ठरावीक अंतर ठेवून एकेक खुंटी बसवली. मी तिच्या डोक्यावर छत्री धरून फिरले. ती म्हणाली, आजी, तुम्ही बसा ना. मी म्हटलं, बसलेलीच असते मी, रोज.

केतन सरांनी मला समजावलं. माणूस हळू बोलतो, मास्तरासारखा, पण छडी नसलेला. म्हणाले, "आजी, आधी दुखणं किती आहे ते बघायचं, मग औषध ठरवायचं. दर पुनवेला आणि दर अवसेला उधाण असतं, तेव्हा येऊन आम्ही बघणार की कड खुंटीच्या किती जवळ सरकली."

मला त्यातलं एकच लक्षात राहिलं. दर पुनव, दर अवस. म्हणजे महिन्यातून दोनदा पाहुणे नक्की! पाण्याच्या घड्याळावर येणारे पाहुणे. रुसले तरी चंद्र काही थांबणार नाही.

मी विचारलं, "आणि खुंटी पडली तर?" प्राची हसून म्हणाली, "पडू नये म्हणून तर एवढं खोल ठोकतोय." खरंच घाम फुटला होता पोरीला.


सोमवार

काल राहीचा फोन आला नाही. परीक्षा असेल.

आज सकाळी माझ्या घरापुढची एक खुंटी आडवी. खालची वाळू गेली, कडेचा तुकडा ढासळला, आणि ही आपली लाल डोकं पाण्यात बुडवून पडलेली. मला आमचा बाप आठवला.

माझं माहेर पेणच्या खारपट्ट्यात. तिथे खाडीच्या बाजूला मातीचा मोठा बांध असतो, बाहेरकाठा म्हणतात त्याला. त्याच्या आत सगळ्यांची भाताची खाचरं. बांधाला आधार म्हणून मेढी, म्हणजे लाकडी खुंट, ठोकलेल्या. बाप म्हणायचा, मेढ पडलेली ज्याला आधी दिसेल त्याने ती ठोकायची. मग शेत कुणाचं का असेना. हाक मारायची नाही, मी ठोकली म्हणून सांगायचं नाही, ठोकायची आणि चालू पडायचं. कारण कोण आलं, कोण नाही हे बघत बसलं तर तेवढ्यात भरती शिरते आणि गावाचं वर्षाचं भात खारं होतं. माझ्या चुलत्याने एकदा पडलेली मेढ बघून न बघितल्यासारखं केलं, तर त्याच्या मुलीच्या लग्नात लोकांनी वरातीतसुद्धा तेच काढलं.

तर मी खुंटी उचलली. होती तिथे ठोकायला जमीनच उरली नव्हती, तिथे आता पाणी. म्हणून जरा मागे सरकून, नव्या कडेपासून प्राचीने ठेवलं होतं तेवढंच अंतर ठेवून, पाट्याच्या वरवंट्याने ठोकली. अगदी तिने ठोकली तशी. कुणी म्हणणार नाही की पडली होती. पोरीने एवढी मेहनत केली, तिला साहेबाचं ऐकून घ्यायला नको.

खांदा दुखतोय पण मन कसं हलकं आहे. कितीतरी दिवसांनी कुणाच्या तरी कामाला आले.


गुरुवार, माघ अवस

प्राचीने टेप लावली, फोनवर फोटो काढले. सगळ्या खुंट्या उभ्या! मी ओटीवरून बघत होते, बोलले काहीच नाही. बांधाचा नियमच तसा.

एकदा ती फोनकडे बघत केतन सरांना म्हणाली, "सर, ह्या खुंट्यांची जागा फोन जरा मागे दाखवतोय." सर म्हणाले, "फोन तेवढा इकडेतिकडे दाखवतोच. टेपवर विश्वास ठेव." मलाही फोनवर विश्वास नाही. रितेश फोनवर म्हणतो जवळच आहे, आणि असतो गुजरातेत.

जेवायला वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी केली. केतन सरांनी पांढरा कांदा बुक्कीने फोडून खाल्ला, मला आवडलं. तेवढ्यात कुलदीप आला. बोटीला बांधून पर्यटकांना पाण्यावर उडवायचा त्याचा धंदा. पोरगा वाईट नाही पण बोलणं सगळं लाऊडस्पीकरवर.

"साहेब, सरळ काँक्रीटची भिंत घाला ना. वरून फरशी, लाईटचे खांब. लोकं बसून सेल्फी काढतील."

केतन सरांनी माझ्या हातातला तांब्या घेतला, अंगणातल्या धुण्याच्या दगडाशी गेले आणि पाणी दगडाच्या उभ्या अंगावर आपटलं. पाणी उलट उडालं आणि दगडाच्या पायाशी माती खरवडून गेलं. म्हणाले, "सरळ भिंत अशी. लाट जेवढ्या जोराने येते तेवढ्याच जोराने माघारी जाते, जाताना पायाखालची वाळू घेऊन. काही वर्षांनी तुमची फरशी आणि लाईटचे खांब दोन्ही तोंडावर पडतील."

मग उतरत्या बाजूने पाणी सोडलं. ते चढलं, पसरलं, दमलं. "आणि हा उतरता दगडी बंधारा. खाली कापड, त्यावर लहान दगड, वर मोठे. लाट चढते आणि फटींमधून दमून जाते. इथे वाळू आहे, लाट मोकळी येते, म्हणून माझं मन ह्याच्यावर आहे."

कुलदीप म्हणाला, "पण त्याच्यावर बसणार कसं?"

नीराबाई दारातून म्हणाली, "तू आधी घरी बस जरा, मग बंधाऱ्यावर बस." सगळे हसले. माझ्या ओटीवर पाच माणसं एकदम हसली. भिंतींनासुद्धा नवल वाटलं असेल.


शुक्रवार, शिमग्याचा दुसरा दिवस

रितेश येणार होता. तो चालवतो तो ट्रेलर बंदरात अडकला म्हणे. सून रुचिता म्हणाली, आई, आम्ही दोघीच कशा येणार एवढ्या लांब. बरोबर आहे.

पोळ्या केल्या होत्या त्या नीराबाईकडे दिल्या. तिची सून म्हणाली, एवढ्या कशाला? मी म्हटलं, जास्तच झाल्या.

पुनवेचे पाहुणेही सणामुळे उद्यावर गेले. उद्या येतील.


मंगळवार

कडेचा उरलासुरला माड रात्रीत पडला. राहीच्या बारशाच्या वर्षी लावलेला. शहाळी तरंगत कुलदीपच्या बाजूला गेली, त्याच्या माणसांनी गोळा करून पर्यटकांना विकली असणार. मी विचारलं तर म्हणतो, "आजी, समुद्राने आणून दिलं ते समुद्राचं." मी म्हटलं, "आणि समुद्राने नेलं ते कुणाचं रे?" हसला.

माडाबरोबर दोन खुंट्या गेल्या होत्या. एक मिळाली, एकीसाठी गुडघाभर पाण्यात शोधाशोध केली. सापडली! दोन्ही ठोकल्या, नव्या कडेपासून बेताने. आता त्या केवड्याच्या बुंध्याशी आल्यात. दिसायला छान दिसतात, रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या.


रविवार, पाडवा

गुढी उभारली. एकटीला काठी धरून वर तांब्या बसवायचा म्हणजे कसरत. वाऱ्याने साडी फडफडत होती तर वाटलं कुणीतरी दारात उभं आहे.

आज राहीचा फोन तासभर! मी तिला सगळे बंधारे समजावले. ती म्हणाली, आजी, तू इंजिनियर झालीस. मी म्हटलं, ऐक तर. एक जाळीच्या पेट्या. तारेच्या पेटीत दगड भरायचे, फणसाच्या गऱ्यांसारखे गच्च. स्वस्त पडतं, पण खाऱ्या वाऱ्यात तार गंजते आणि पेटी फुटली की दगड मोकाट. एक वाळू भरलेल्या लांबलचक पिशव्या, अजगरासारख्या किनाऱ्यावर निजवायच्या. झटपट होतं, पण कुणी सुरी मारली की अजगर मेला. एक चार पायांचे काँक्रीटचे राक्षस, ते एकमेकांच्या पायात पाय घालून बसतात. ते मोठ्या लाटेला. आमच्याकडे एवढी मोठी लाट नाही, सर म्हणतात, आणि ते आणायला रस्ताही नाही.

राही म्हणाली, "आणि दगडाचा हात समुद्रात काढतात ते?" पोरीला शाळेत शिकवलंय. म्हटलं, ते तर विचारूच नको. तसा हात काढला की वाहती वाळू आपल्याकडे थांबते, पण पलीकडच्या वाडीला जाणारी वाळू अडते. आपलं भरलं आणि शेजारणीचं ताट रिकामं. केतन सरांनी नाही म्हटलं. मला माणूस आवडला तो ह्यासाठी.

मग रितेश आला फोनवर. "आये, पावसाळ्यात उलव्याला ये. किती वेळा सांगू?"

"बघू."

"बघू नको, ये."

मागच्या वेळी गेले होते. सकाळी रुचिताने माझ्यासाठी टीव्ही लावला आणि तिघं आपापल्या कामाला गेली. दिवसभर टीव्हीतली बाई माझ्याशी बोलत होती आणि मी तिला उत्तरं देत होते. खाली जावं तर लिफ्ट. शेजारचं दार वाजवलं तर आतून भोकातून बघून उघडलं नाही. हे रितेशला सांगितलेलं नाही. त्याने फ्लॅट हौसेने घेतलाय.


शनिवार, हनुमान जयंती

जेटीवरून आज भांडण. कुलदीप खाडीच्या तोंडाशी दगडमातीची भरीव जेटी मागतोय, बोटी लावायला. केतन सर म्हणाले, जेटी हवीच असेल तर खांबांवरची. खालून पाणी आणि वाळू जाऊ दे. भरीव केली तर खाडीचं तोंड एका बाजूला गाळाने भरेल आणि दुसऱ्या बाजूला लाट किनारा खाईल.

"दुसरी बाजू म्हणजे कुणाची?" कुलदीपने विचारलं.

"ह्या आजींची."

कुलदीप माझ्याकडे बघून म्हणाला, "आजीला काय, आजी उलव्याला जाणार."

"कोण म्हणालं?" मी विचारलं.

"रितेशदादा म्हणाला. माझ्याशी बोलला तो."

माझ्याशी नाही बोलला तसं. मी आत जाऊन सोलकढी आणली. सगळ्यांना वाटली, त्यालाही.

प्राची आज माझ्याजवळ बसून राहिली. तिला विचारलं, लग्नाचं काय? म्हणाली, आजी, तुम्हीसुद्धा! तिची आजी गेल्या वर्षी गेली. तिच्या घरी कुणी केस विंचरून देत नाही आता, तर मी विंचरून दिले. वाऱ्याने नुसता गुंता.

खुंट्या मोजताना ती म्हणाली, "तुमच्याकडचा किनारा बघा आजी, तसूभर हलत नाही. गुणी आहे." मला फार आनंद झाला. म्हटलं नाही काही.


गुरुवार, अक्षय्य तृतीयेचा दुसरा दिवस

विहिरीचं पाणी खारं लागतंय. नीराबाईकडून हंडा आणला. ती म्हणाली, "सोनू, तुझी कड तुझ्या चुलीशी आली तरी तू म्हणशील छान वारा येतो." मी म्हटलं, केतन सरांच्या टेपमध्ये माझी कड जागच्या जागी आहे. मोजमाप करणारे खोटं कशाला सांगतील?

मग माड का पडले असं तिने विचारलं. म्हातारे झाले असतील. हा शेवटचा तर राहीएवढाच होता, पण झाडाचं वय वेगळं असतं.

केवड्याचा शेवटचा बुंधा गेला. खुंट्या आता अंगणात आल्यात, तुळशीच्या अलीकडे. ठोकताना एकदा वाटलं की ह्या फार मागे येतायत. पण मागे नाही आणायच्या तर ठोकायच्या कशात?


सोमवार, वैशाखी पुनव

आज जे झालं ते नीट लिहिते, कारण मला ते अजून नीट कळायचंय.

सकाळी दोघं आले. सोबत मोठा नकाशा. ओटीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार पेले ठेवले. कुलदीप होता, नीराबाई होती. नकाशावर तांबडी रेघ, म्हणजे बंधारा. उतरता, दगडी. देवळापासून निघून कुलदीपच्या कुंपणापुढून येते आणि माझ्या घराच्या अलीकडे थांबते. मी बोट ठेवून विचारलं, "ही इथे का थांबली? दमली काय?"

केतन सर म्हणाले, "आजी, मिळालेल्या दगडात जिथे धूप आहे तिथेच बांधता येतं. तुमच्याकडची वाळू जागेवर आहे. तुमच्याकडे खुंट्या ठोकल्या तेव्हापासून कडेचं अंतर बदललेलंच नाही. तुम्हाला बंधाऱ्याची गरज नाही."

दवाखान्यातून काही नाही झालेलं असं सांगून घरी पाठवतात तसं वाटलं. बरं वाटलं. आणि लगेच सर म्हणाले, "म्हणजे आजची आमची शेवटची फेरी. तुम्ही फार केलंत आमचं."

प्राची पिशवीतून साडी काढायला लागली, मला आणली होती. हिरवी, बारीक काठाची.

शेवटची फेरी. मला वाटलं, जाताना निदान ह्यांना कळू दे की मी नुसता चहा नाही केला. बांधाचा नियम मोडला मी. सांगायचं नसतं ते सांगितलं. म्हटलं, "अहो सर, तुमच्या खुंट्या राखल्या ना मी. किती वेळा पडल्या, प्रत्येक वेळी उभ्या केल्या. कडेपासून प्राचीचं अंतर जसंच्या तसं ठेवून. एकीलाही आडवी राहू दिली नाही."

मी हसत होते. मग कुलदीप "आई शप्पथ" म्हणाला.

केतन सरांनी अगदी हळू विचारलं, "आजी, पहिली खुंटी पहिल्यांदा कुठे होती, दाखवता?"

मी ओटीच्या कडेला आले आणि बोट केलं. दुपारची भरती पुरी चढली होती. तिथे कुलदीपची होडी नांगरलेली होती. मी म्हटलं, "ती होडी दिसते ना, तिच्याही जरा पुढे." आणि बोट तसंच राहिलं माझं. मलाच पहिल्यांदा दिसलं.

प्राची पायऱ्यांवर बसली आणि रडायला लागली. "माझी चूक, सर. मी फोनचा आकडा धरला नाही." सर म्हणाले, "नाही, मीच म्हणालो होतो टेप बघ." मी म्हटलं, अहो, दोघं कशाला भांडता, ठोकल्या मी. कुणी ऐकलं नाही.

कुलदीप उठला. "म्हणजे आता काय? माझं काम तरी सुरू होणार ना? म्हातारीपायी सगळा गाव लटकवणार काय?"

केतन सरांनी नकाशाची गुंडाळी केली. म्हणाले, "बंधारा जिथे संपतो तिथे लाट वळून दुप्पट खाते. तो इथे थांबवला तर आजींचं घर एका पावसाळ्यात जाईल. ज्या किनाऱ्याची एवढी धूप होतेय त्याच्या तोंडाशी मी बंधारा संपवू शकत नाही. पुन्हा मोजायचं. पावसाळ्यातलंही. दगड पुढच्या हिवाळ्यात."

कुलदीप काही तरी बोलत गेला. मागे वळून म्हणाला, "ह्यांना चहा पाजा आणखी."

नीराबाई गेली नाही. तिने पेले गोळा केले, विसळले, पालथे घातले. टोमणा मारेल म्हणून मी वाट बघत होते. नुसतं म्हणाली, "तुझ्या माहेरच्या सवयी, सोनू."

सर जाताना सांगून गेले की रितेशशी बोलतो. ती साडी ओटीवरच राहिली. मी घडी मोडली नाही.


बुधवार

काल कुणी आलं नाही. कुलदीपची माणसं घरावरून गेली, हाक न मारता. एरवी "आजी, बरी हायस ना" म्हणतात. माझ्यामुळे गावाचा बंधारा वर्षभर लांबला. मी ठोकल्या नसत्या तर दगड ह्याच वर्षी आले असते, माझ्याही दारापर्यंत आले असते. हे मी दोन दिवस स्वतःला सांगतेय. केर काढताना, भात लावताना. कळतं, आणि मग परत नव्याने कळतं.

रितेशचा फोन आला. आवाज चढलेला. "आये, सामान भर. रविवारी गाडी घेऊन येतो."

मी विचारलं, "रविवारी नक्की?"

तो म्हणाला, "बघतो, ट्रिप नसली तर."


शुक्रवार

प्राची आली! एकटी, एस.टी.ने, पाठीवर पिशवी. पुनव नाही, अवस नाही, तरी आली. मी दारात बघत राहिले तर म्हणाली, "आत घ्या ना आजी."

तिने अंगणातल्या खुंट्या उपटल्या, सगळ्या. मग खडू घेऊन माझ्या उंबऱ्यावर एक बारीक फुली काढली आणि तिथून कडेपर्यंत टेप लावली. म्हणाली, "आता सगळं इथून मोजायचं. उंबऱ्यापासून. सर म्हणाले, आजी उंबरा काही हलवू शकत नाहीत."

मी म्हटलं, "सांगून ठेव सरांना, मी त्याला हात लावणार नाही." मग दोघी हसलो. टेप फार उलगडावी लागली नाही. तिने आकडा लिहिला आणि मला वाचून दाखवला नाही. मीही विचारला नाही.

जेवताना म्हणाली, "आजी, आमचं ऐका. पावसात मुलाकडे जा. पाणी पायरीला लागलं तर निदान नीराबाईंकडे. शपथ घ्या." मी शपथ घेतली, नीराबाईकडे जायची. उलव्याला जायची नाही घेतली.

मग मीच विचारलं, "म्हणजे आता वर्षभर मोजायला येणार तुम्ही?"

"हो. प्रत्येक उधाणाला."

"पावसातसुद्धा?"

"पावसात तर यायलाच हवं."

मला आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. बंधारा नाही, विहीर खारी, गाव बोलत नाही, आणि मी मनात मोजत होते की वर्षात पुनवा किती आणि अवसा किती. असं वाटायला नको होतं. पोरीच्या तोंडाकडे बघून मी भात वाढायला उठले, तिला दिसू नये म्हणून.

हिरवी साडी नेसून दाखवली. म्हणाली, शोभते.

तिला एस.टी.वर सोडून आले तेव्हा भरती लागली होती. पाणी तुळशीच्या दगडापाशी येऊन परत गेलं. ओटीवर तुषार येत होते, वाळत घातलेले पापड आत घेतले. रितेशला फोन करून सांगितलं की रविवारी येऊ नकोस, मला इथे काम आहे. तो म्हणाला, कसलं काम? मी म्हटलं, माणसं येणार आहेत माझी.

अवसेला येतीलच, त्यानंतरचं मोठं उधाण वटपौर्णिमेचं, मंगळवारी. त्याने काय नेलं ते मोजायला दोघं दुसऱ्या दिवशी येणार, बुधवारी, दुपारच्या जेवणाला. बुधवारी प्राची मासे खाते.